देवकोपच्या पाण्यात कोण कुठे राहतं

पहाटेचे पाच वाजायला आले आहेत. पालघर-मनोर रस्ता सोडून आमची गाडी देवकोपच्या तलावाकडे वळते. माघ संपून फाल्गुन नुकताच लागलाय, त्यामुळे आभाळात चंद्र नाही. पाणी कुठे संपतं आणि डोंगर कुठून सुरू होतो, ते डोळ्यांना कळत नाही. बांधाच्या कडेला होडी घेऊन मामा थांबलेत. ते या तलावात जाळी टाकतात. गाडीतून महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम उतरतात, त्यांच्यामागून एम.एस्सी.चे दोन विद्यार्थी, एक मुलगी आणि एक मुलगा, आणि मी.

"आधी टॉर्च झाका," मॅडम सांगतात. मुलगी टॉर्चच्या काचेवर पतंगाचा लाल कागद लावून वरून रबरबँड चढवते. पांढऱ्या उजेडाकडे पाण्यातले किती तरी जीव ओढले जातात आणि मग मोजदाद चुकते. लाल उजेडाचा त्यांना फारसा पत्ता लागत नाही.

होडी मधल्या खोल पाण्याकडे निघते. वल्ह्याच्या आवाजाखेरीज फक्त लांबून मनोरकडे जाणाऱ्या ट्रकची घरघर. मुलगा शंकूच्या आकाराची जाळी पाण्यात सोडतो. जाळी म्हणजे अगदी तलम कापड. त्याची भोकं मिलिमीटरच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शाएवढी, आणि शेपटाला एक छोटी बाटली बांधलेली. पृष्ठभागालगत थोडा वेळ ओढून तो जाळी वर घेतो, बाटली सोडवतो आणि लाल उजेडात धरतो.

बाटलीतलं पाणी हलतंय. पांढुरके ठिपके उड्या मारतायत, काही गोल फिरतायत, काही झटके देत तिरके पळतायत. ठिपक्यांच्या गर्दीत रिकामी जागाच दिसत नाही. मग दुसरी जाळी तळाजवळ नेतात. तिचं तोंड दोरीने बंद करता येतं, म्हणजे वर खेचताना वाटेतलं पाणी आत शिरत नाही. तिच्या बाटलीत मोजके ठिपके आहेत.

"तलाव तोच, वेळ तीच आणि मध्ये जेमतेम काही मीटर पाणी," मॅडम म्हणतात. "सगळे वर आलेत. उजाडायच्या आत पोट भरून परत खाली जायचंय त्यांना."

हे प्लवक. प्रवाहाविरुद्ध जोराने पोहण्याची ताकद नसलेले, पाण्याबरोबर वाहणारे सूक्ष्म जीव. व्हिक्टर हेन्सन या जर्मन शास्त्रज्ञाने 1887 मध्ये त्यांना प्लँक्टन हे नाव दिलं. त्यांतले काही हिरवे. सूर्यप्रकाशावर स्वतःचं अन्न करतात, ते वनस्पतिप्लवक. त्यांना खाऊन जगणारे ते प्राणिप्लवक. तलावातल्या माशाच्या अंगावरचं बहुतेक मांस शेवटी या दोघांच्या जिवावर चढलेलं असतं. ते पाण्याबरोबर वाहतात हे खरं, पण म्हणून ते पाण्यात सगळीकडे सारखे पसरलेले असतात, ही समजूत या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की टिकत नाही. कोण कुठे राहणार हे ठरवणारी काही माणसाने घडवलेली कारणं आहेत आणि काही निसर्गाची. ती पाहायलाच आम्ही आलोय.

पूर्वेला डोंगराची कड तांबूस होते. मुलगी दर थोड्या वेळाने पृष्ठभागाची जाळी ओढत राहते. तिच्या बाटलीतले ठिपके विरळ होत जातात. सूर्य वर येईस्तोवर पृष्ठभागावर बारीक जीवच उरतात; मोठे दिसेनासे झालेत. त्यांनी खोल, अंधाऱ्या पाण्याची वाट धरलीय. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ कुव्हिए याने 1817 मध्ये पाण्यातल्या पिसवांचा हा रोजचा चढउतार टिपला होता. पिसू म्हणजे डॅफ्निया आणि तिची भावंडं. देवकोपसारख्या उबदार पाण्यात खऱ्या डॅफ्नियापेक्षा तिची छोटी नातलगं जास्त सापडतात: मोइना, सेरिओडॅफ्निया, डायफॅनोसोमा. मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान असलेल्या या प्राण्याला काही मीटरचा प्रवास रोज दोनदा करायचा म्हणजे केवढे कष्ट. तरी तो करतो, कारण दिवसा वर राहिलं तर मासा पाहतो आणि पाहिलं की गिळतो. रात्री मासा आंधळा, आणि हिरवा चारा तर वरच. प्रकाश वनस्पतिप्लवकांना वर ओढतो आणि प्राणिप्लवकांना खाली ढकलतो. तलावाच्या उभ्या रचनेतली ही पहिली वाटणी.

उन्हं पाण्यावर आल्यावर मॅडम पिशवीतून एक चकती काढतात. वीस सेंटिमीटर व्यासाची, पाव पाव भाग काळा-पांढरा रंगवलेली, मध्ये दोरी. होडीच्या सावलीच्या बाजूने ती पाण्यात सोडतात आणि दिसेनाशी होते त्या जागी दोरीला चिमटा लावतात. मग थोडी वर ओढतात. पुन्हा दिसू लागते तिथे दुसरा चिमटा. दोन्हींची सरासरी मुलगा वहीत लिहितो: मीटरच्या थोडी वर. 1865 मध्ये आंजेलो सेकी हे इटालियन धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ पोपच्या जहाजावर बसून भूमध्य समुद्राची स्वच्छता अशाच पांढऱ्या चकत्या सोडून मोजत होते. आज जगभर तळ्यांचा अभ्यास करणारे ही चकती बरोबर नेतात. जिथे ती दिसेनाशी होते, त्याच्या साधारण दुप्पट-अडीचपट खोलीपर्यंत हिरव्या जीवांना अन्न करण्याइतका उजेड पोहोचतो. त्याखाली वनस्पतिप्लवक जगू शकतो, पण वाढत नाही.

आता तापमापक. मुलगी एकेका मीटरवरून पाणी वर आणते. सकाळी वरखाली जवळपास सारखंच निघतं. "दुपारी घेतलं तर," मॅडम म्हणतात, "वरचं तापलेलं निघेल." गरम पाणी हलकं, ते वर तरंगतं, गार पाणी जड, ते खाली बसतं. पाण्याचा एक गुण आपल्याकडच्या तलावांना फार लागू पडतो. 29 वरून 30 अंशांवर जाताना पाणी जेवढं हलकं होतं, ते 4 वरून 5 अंशांवर जाताना होतं त्याच्या तीसपटीहून जास्त. म्हणून थंड देशात ज्या किरकोळ फरकाला कोणी विचारणार नाही, तेवढ्यानेही आपल्या तलावात वरचं आणि खालचं पाणी वेगळं राहतं. वरच्या थरात उजेड असतो, पण तिथलं नत्र-स्फुरद हिरवे जीव संपवून टाकतात. खालच्या थरात मेलेले जीव साचतात, कुजतात, खत मोकळं होतं. पण तिथे उजेड नाही आणि कुजण्यात प्राणवायू संपतो. जेवण एका मजल्यावर, दिवा दुसऱ्या मजल्यावर, आणि मधला जिना बंद.

जिना उघडतो तो वारा किंवा थंडी. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री वरचं पाणी गार होऊन खाली बसतं आणि तलाव ढवळला जातो. त्या दिवसांत डायटमचं फावतं. डायटमला सिलिकाचं, म्हणजे काचेच्याच घटकाचं, कवच असतं. ते जड, म्हणून शांत पाण्यात बुडतं. पाणी ढवळत राहिलं तरच डायटम उजेडात टिकतो. उलट, चैत्र-वैशाखात पाणी तापून स्थिर झालं की ज्याला स्वतः तरंगता येतं तो जिंकतो. तो कोण, ते दुपारी बोईसरला दिसणार आहे.

नऊच्या सुमाराला आम्ही काठावर येतो. करंजाच्या सावलीत पत्र्याच्या पेटीवर सूक्ष्मदर्शक मांडला जातो. आरशाने उजेड घेणारा, जुना, पण भिंगं स्वच्छ. बांधाच्या उतारावर पळस पेटलेत. मुलगी पिपेटने एक मिलिलिटर पाणी मोजणीच्या काचेच्या पट्टीवर सोडते. पट्टीची खाच 50 मिलिमीटर लांब, 20 रुंद आणि 1 खोल, म्हणजे बरोब्बर एक मिलिलिटर. ओळीने सरकत जायचं आणि दिसेल त्याला नाव द्यायचं. शेजारी टोणपी यांचं 'फ्रेशवॉटर ॲनिमल्स ऑफ इंडिया' हे 1980 चं इंग्रजी पुस्तक उघडं आहे. पुण्याच्या या प्राध्यापकाच्या पुस्तकावर गोड्या पाण्यातले प्राणी ओळखायला शिकलेले आपल्याकडे पुष्कळ आहेत.

मी डोळा लावतो. मधोमध एक सायक्लॉप्स. कपाळावर एकच लालसर डोळा, दोन लांब मिशा, आणि मादी आहे, कारण शेपटाच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन थैल्या लोंबतायत. तो झटका देतो आणि नजरेबाहेर जातो.

"मामा, या, बघा," मॅडम बोलावतात.

मामा वाकून बघतात. बराच वेळ काही बोलत नाहीत. मग म्हणतात, "हे पाण्यात हाय? आमी हे पितो?"

"पूर्वी प्यायचो, आणि त्यातूनच नारू व्हायचा."

"नारू? पायातना दोऱ्यासारखा निगायचा, काडीला गुंडाळत काढायचे, तो?"

तोच. नारूचं पिल्लू सायक्लॉप्सच्या पोटात वाढतं. तसं पाणी न गाळता प्यायलं की माणसाच्या अंगात शिरतं आणि वर्षभराने हातभर जंत कातडी फोडून बाहेर येतो. रोगी त्या फोडासकट पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की नवी पिल्लं पाण्यात. महाराष्ट्रातल्या खेड्यांनी हा रोग पिढ्यान्‌पिढ्या सोसला. पाणी फडक्याने गाळणं, पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करणं, पाण्यात औषध टाकणं, हे उपाय देशभर झाले. भारतातला शेवटचा रोगी 1996 च्या जुलैमध्ये सापडला आणि 2000 च्या फेब्रुवारीत देश नारूमुक्त जाहीर झाला. सायक्लॉप्स मात्र आजही प्रत्येक तळ्यात आहे, आणि त्याचा स्वतःचा कुणाला त्रास नाही. तो कुठे राहतो, कुणाला खातो, कुणाच्या तोंडी जातो हे कळलं म्हणून तो रोग हटवता आला.

पट्टी सरकवल्यावर चक्रधर दिसू लागतात. डोक्यावर केसांची दोन वलयं असतात, ती सतत हलतात म्हणून चाकं फिरल्याचा भास होतो. मुलगी ब्रॅकिओनस नावाच्या एका चक्रधरावर पट्टी थांबवते. पारदर्शक कवच, आत दळणाऱ्या जबड्याची हालचाल, आणि मागच्या बाजूला दोन लांब काटे. काही अंतरावर दुसरा ब्रॅकिओनस, त्याला ते काटे नाहीत.

"जात वेगळी?" मी विचारतो.

"जात एकच. या पाण्यात ॲस्प्लांक्ना असणार. शोध गं."

पुढच्याच पट्टीत ती सापडते: मोठी, काचेच्या पिशवीसारखी पारदर्शक, पोटात गिळलेल्या चक्रधरांची कवचं. ॲस्प्लांक्ना शिकार करते. तिच्या अंगातून पाण्यात उतरणाऱ्या रसायनाची चाहूल ब्रॅकिओनसच्या मादीला लागते आणि तिच्या पुढच्या पिल्लांना लांब काटे फुटतात. काटेवाला घशात अडकतो. विसाव्या शतकाच्या मध्याला दबोशां या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे प्रथम दाखवलं. टाचणीच्या डोक्यावर सहज मावेल एवढा जीव, आणि शेजारी कोण राहतंय हे ओळखून तो लेकरांना चिलखत चढवतो. प्लवकांची वाटणी उजेड आणि ऊब यांच्याइतकीच शेजाऱ्यांवरही ठरते, याचा एवढा स्पष्ट पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही.

मामांनी तोवर पहाटेचं जाळं काढलंय. त्यात तीन-चार चिलापी आणि एक बरा कटला. ते कटल्याचं कल्ल्याचं झाकण बोटाने उचलून दाखवतात. आत लालभडक कल्ले आणि त्यांच्या पुढे बारीक दातांची दाट फणी. "याच्यातना पाणी गालतो," मामा म्हणतात, "खालचं काय नाय खात, वरचं वरचं खातो." अगदी बरोबर. कटला वरच्या थरातले प्राणिप्लवक गाळून खातो. माशाला मोठा घास आधी दिसतो, त्यामुळे मासे वाढले की मोठे पिसू संपतात आणि चक्रधरांसारखे बारीक जीव माजतात. अमेरिकेत ब्रुक्स आणि डॉडसन यांनी 1965 मध्ये हे मांडलं. कनेटिकटमधल्या एका तळ्यात 1942 मध्ये मोठे प्राणिप्लवक होते. नंतर तिथे हेरिंगच्या कुळातला एक मासा आला आणि 1964 मध्ये त्याच तळ्यात जवळजवळ सगळे बारीकच सापडले. पण मोठे पिसूच हिरवे जीव भराभर संपवतात. ते गेले की पाणी हिरवं व्हायला मोकळीक मिळते. तळ्यात कोणतं मत्स्यबीज आणि किती सोडायचं, या निर्णयात पाण्याच्या रंगाचाही निर्णय आपोआप होत असतो.

साडेअकराच्या पुढे पश्चिमेकडून वारा सुटतो. केळव्याच्या किनाऱ्यावरून निघालेल्या खाऱ्या वाऱ्याला डोंगराच्या पायथ्याशी पोहोचायला एवढा वेळ लागतो. पाण्याचा आरसा मोडतो आणि थोड्याच वेळात तलावावर वाऱ्याच्या दिशेने लांब, समांतर पट्टे उमटतात; अंगण खराट्याने झाडल्यावर मातीत रेघा उठाव्यात तसे. या पट्ट्यांत फेस, पानं आणि हिरवट भुकटी गोळा झालीय.

आयर्विंग लँगम्युर या अमेरिकन शास्त्रज्ञाला 1927 मध्ये अटलांटिक ओलांडताना समुद्री शेवाळाच्या अशाच रांगा दिसल्या. नंतर त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जवर प्रयोग केले आणि 1938 मध्ये कारण सांगितलं. वाऱ्याने पाण्यात लांबच लांब, आडवे, एकाआड एक उलट फिरणारे भोवरे तयार होतात. दोन भोवऱ्यांचं पाणी जिथे एकत्र येऊन खाली जातं तिथे तरंगणारं सगळं अडकून पट्टा होतो. खाली पोहू पाहणारे जीव दुसऱ्या जागी जमतात, जिथे पाणी वर येतं. म्हणजे होडी हातभर सरकली तरी बाटलीतला हिशोब बदलतो.

मॅडम मुलांना दोन गटांत पाठवतात: एक बांधाच्या बाजूला, एक समोरच्या, वारा जिकडे जातो त्या काठाला. परत आल्यावर दोन्ही बाटल्या शेजारी ठेवतात. वारा जातो त्या काठाची बाटली हिरवट आहे, दुसरी जवळपास नितळ. "आता सांगा, या तलावाचा अहवाल कोणत्या बाटलीवरून लिहायचा?" मॅडम विचारतात. दोघंही गप्प. मुलगा हळूच म्हणतो, "दोन्हीवरून. आणि मधल्या पाण्यावरून पण." त्या मान डोलावतात.

दुपारी आम्ही बोईसरकडे निघतो. रस्त्याला ताडगोळेवाले बसलेत. पुढे कंपन्यांच्या पाळ्या बदलतायत, बसगाड्यांची रांग, भाड्याच्या खोल्यांच्या चाळी एकमेकींना चिकटून उभ्या. अणुऊर्जा केंद्र 1969 मध्ये तारापूरला सुरू झालं, मागोमाग औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि वाड्या-पाड्यांचा हा पट्टा शहर होत गेला. पिण्याचं पाणी सूर्या नदीवरच्या धामणी आणि कवडास धरणांतून येतं. वसई-विरारची तहानही तीच सूर्या भागवते. त्यामुळे जुनी गावतळी आता कुणाच्या पिण्यात नाहीत, आणि लक्षातही नाहीत.

अशाच एका तळ्यावर थांबतो. चाळींच्या मागे, तीन बाजूंना भिंत, एका कोपऱ्यातून मोरीचं पाणी उतरतंय. साबणाचा फेस पाण्यात शिरताना दिसतो. कडेला गेल्या गणपतीतल्या मूर्तींचे लोखंडी सांगाडे आणि रंग उडालेले तुकडे. सगळं पाणी हिरवंगार, आणि वाऱ्याच्या टोकाला त्यावर दाट साय. वास नाकात बसतो.

चकती सोडतात. वीतभर जाते न जाते तोच दिसेनाशी.

सूक्ष्मदर्शकाखाली आता एकाच जीवाचं राज्य आहे: मायक्रोसिस्टिस. बारीक गोल पेशींचे वेडेवाकडे पुंजके, बुळबुळीत आवरणात बांधलेले. पेशींमध्ये हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यांच्या जोरावर तो वर तरंगतो. दिवसभर उन्हात साखर साठवून जड झाला की खाली उतरतो, रात्री ती खर्चून हलका झाला की पहाटे पुन्हा वर. पाणी स्थिर झालं, तापलं, खत भरपूर मिळालं, की तो सगळ्यांच्या डोक्यावर सावली धरतो. सकाळच्या पट्टीत चंद्रकोरीच्या आकाराचा क्लोस्टेरियम होता, पेडिॲस्ट्रमच्या कंगोरेदार चकत्या होत्या, डायटम होते. इथे त्यांच्यातलं कुणी नाही. फक्त मायक्रोसिस्टिस, थोडे युग्लिना आणि ब्रॅकिओनसची झुंबड. जीव असंख्य, जाती मोजक्या. आजारी तळ्याची ही खूण.

खत म्हणजे मुख्यतः स्फुरद. कॅनडातल्या ओंटारिओत डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्हींत कार्बन आणि नत्र घातलं. स्फुरद मात्र एकाच भागात. तो भाग हिरवा झाला, दुसरा नितळ राहिला. विमानातून काढलेला तो फोटो पाहून अनेक देशांनी धुण्याच्या पावडरींमधल्या फॉस्फेटवर बंधनं आणली. समोरच्या मोरीतून तेच स्फुरद रोज उतरतंय, मैल्यातून आणि साबणातून.

चाळीतली एक बाई बादली घेऊन काठावर येते. "मॅडम, शेवाळ काढून टाकलं तर पाणी सुधरंल ना?"

"काढलंत तर चार दिवस बरं दिसेल, ताई. मोरी बंद केली नाही तर पुन्हा येईल. आणि या सायीचं पाणी जनावरांना पाजू नका. पोरांना पोहायला सोडू नका."

मॅडम हे उगाच सांगत नाहीत. मायक्रोसिस्टिस यकृताला घातक विष तयार करू शकतो. ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात 1996 मध्ये डायलिसिस केंद्राला पुरवलेल्या पाण्यात हे विष होतं. 50 हून अधिक रुग्ण दगावले. रात्री हीच साय प्राणवायू ओढते, म्हणून अशा तळ्यातले मासे पहाटे तोंडं वर काढून धापा टाकतात. एखाद्या पहाटे तेही जमत नाही आणि सकाळी पांढरी पोटं वर आलेली दिसतात. लोकांना वाटतं, कुणी विष टाकलं.

याच्या उलटही घडतं. कधी एखाद्या तळ्याचं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, कारण कसल्या तरी रसायनाने हिरवे जीवच मेलेले असतात. कारखानदारीच्या शेजारी राहणाऱ्यांनी केवळ नितळपणावर विसंबू नये. चकती उजेड मोजते. जीव आहे की नाही हे सूक्ष्मदर्शकच सांगतो.

स्टेशनजवळ चहा घेताना मुलगा लोणारचा विषय काढतो. 2020 च्या जूनमध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं तेव्हा तो शाळेत होता. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मिठात रमणारे गुलाबी रंगाचे सूक्ष्मजीव माजले, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं. मिठाचं प्रमाण बदललं आणि सरोवराचे रहिवासीच बदलले. बोईसरहून काही किलोमीटरवर खाड्या आहेत. भरतीचं पाणी ज्या तळ्यात झिरपतं तिथलाही ब्रॅकिओनस वेगळा, मचूळ पाण्यात जगणारा.

"मग इतक्या जाती एकाच पाण्यात राहतात तरी कशा?" मुलगी विचारते. "सगळ्यांना तोच उजेड, तेच खत. एक जिंकून बाकीचे संपायला हवेत."

हाच प्रश्न जी. एव्हलिन हचिन्सन यांनी 1961 मध्ये शास्त्रज्ञांपुढे ठेवला होता, आणि त्यांचं उत्तर होतं: तलाव कधी इतका वेळ सारखा राहतच नाही की कुणा एकाचा पूर्ण विजय व्हावा. वारा पडतो, सुटतो. पाणी थर धरतं, ढवळतं. मासे येतात, जातात. आणि आपल्याकडे तर पावसाळा आहे. आषाढात डोंगरावरचं गढूळ पाणी उतरतं, सांडवा वाहू लागतो, आणि वरच्या थरातले कोट्यवधी जीव पाण्याबरोबर निघून जातात. उजेड गढूळपणात बुडतो. दसऱ्याच्या सुमारास पाणी निवळलं की सगळी वस्ती नव्याने बसते.

ती येते कुठून, तेही मॅडमनी सकाळीच दाखवलंय. देवकोपच्या काठाला पाणी उतरून उघडा पडलेला, भेगाळलेला चिखल त्यांनी वाटीभर घेतलाय. त्यात पिसवांची जाड कवचातली अंडी आहेत. वाईट दिवस आले की माद्या ती घालतात आणि ती चिखलात वाट पाहतात, कधी एक उन्हाळा, कधी अनेक वर्षं. प्रयोगशाळेत या चिखलावर स्वच्छ पाणी ओतून उजेडात ठेवलं की काही दिवसांत त्यातून पिसू पोहायला लागतात. तळ्याचा काठ म्हणजे तळ्याचं बियाणं. सुशोभीकरणाच्या नावाखाली काठाला सिमेंटची भिंत घालून चिखल काढून टाकला, की ते बियाणं ट्रकमधून जातं.

वसईकडे वाडीवाडीत बावखलं होती. पावसाचं पाणी धरणारी, बागा भिजवणारी, माशांना आणि बेडकांना सांभाळणारी. त्यांतली कित्येक बुजवली गेली, त्यांवर घरं आणि रस्ते आले. बोईसर-पालघरची गावतळी त्याच वाटेवर आहेत. ती वाचवायची तर कारंजी, दिवे आणि रंगीत कठडे यांनी भागणार नाही. आधी तळ्यात उतरणारी प्रत्येक मोरी शोधून वळवा. विसर्जनाला वेगळा हौद करा. मत्स्यबीज सोडताना पाण्याची ताकद पाहा. एक काठ तरी मातीचा ठेवा. आणि पाण्याची तपासणी होईल तेव्हा एका काठावरून भरलेल्या एका बाटलीवर समाधान मानू नका. दोन्ही काठ, मधलं पाणी, वरचा आणि खालचा थर, सकाळ आणि दुपार, एवढं मागा. ग्रामसभेत हे मागायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. आपल्या तळ्यात काय उतरतं ते पाहणारा एक माणूस प्रत्येक गावात हवा, आणि तो तुम्ही होऊ शकता.